चिंचेने घासलेली इस्त्री

"उद्या इस्त्री घेऊन ये. आणि जरा बरी साडी नेस," असं सोसायटीतल्या एका मॅडमनी मला सांगितलं होतं. म्हणून मी गेले.

आदल्या दिवशी मी इस्त्री चिंचेने घासली. पितळेची इस्त्री आहे आमची, जुनी, कोळशाची. आतली राख झटकली, जाळी तारेने खरवडली, मुठीला तेल लावून पुसलं. सासूबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "बघ, तोंड दिसायलंय आता तिच्यात." मी मोरपंखी साडी काढली. भावाच्या लग्नातली. मुलीने निऱ्या नीट धरून पिन लावून दिली.

मला वाटलं होतं सत्कार आहे. गेल्या वर्षी वॉचमन मोरेकाकांचा केला होता, शाल आणि नारळ. मला त्या सोसायटीत इस्त्री करायला लागून तेरा वर्षं झाली होती. शाल घेताना पदर कसा धरायचा, ते मी घरी दोनदा करून पाहिलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मुलुंडची सोसायटी. कंपाउंडमध्ये मांडव घातलेला. हिरवे फुगे. पर्यावरणाचा कार्यक्रम. बी विंग सातशे दोनच्या मॅडम सगळं बघत होत्या. त्यांनी मला स्टेजच्या कोपऱ्यात नेलं.

"इथे उभी राहा. इस्त्री दोन्ही हातांनी धर. अजून वर. छातीपाशी. हां."

मुलांचं नाटक सुरू झालं. एक मुलगा सूर्य झाला होता, एक पवनचक्की. मग एक मुलगी काळा कागद गुंडाळून खोकत आली आणि म्हणाली, "मी धूर!" सगळी मुलं माझ्याकडे धावली. माझ्याभोवती गोल केला. बोटं इस्त्रीकडे.

"धूर हटाव! कोळसा हटाव!"

आणि सगळ्यांनी नाकं धरली.

त्यात सातशे दोनची इरा होती. तिच्या शाळेच्या फ्रॉकच्या चुण्या मी रोज सकाळी एकेक करून बसवते. तिनेही नाक धरलं होतं. माझ्याकडे बघून.

लोक हसले. टाळ्या वाजल्या. मोबाइल वर झाले. मागून कोणीतरी म्हणालं, "बाई काय झकास पोझ देते यार!" परत हसले. सात किलोची इस्त्री. हात भरून आले. तरी मी ती खाली केली नाही, कारण खाली कर असं कोणी सांगितलं नव्हतं.

आणि मी हसत होते. फोटो काढतायत म्हणून हसत होते. बाकी कुणाचं काही असो, मला माझं ते हसणं अजून सहन होत नाही.

मग मॅडमनी माइक घेतला. "आपल्या ताईंनी इतकी वर्षं आपली सेवा केली. पण आता काळ बदलला. आजपासून आपली सोसायटी कोळसामुक्त!"

माइकवर मी 'आपल्या ताई' होते. आणि माइकवरच मला कळलं की माझं काम गेलं. आधी कुणी बोललं नव्हतं. सेक्रेटरी साहेब नाही, मॅडम नाही. माझ्या हातात इस्त्री होती, म्हणून भेट दिलेलं तुळशीचं रोप त्यांनी इस्त्रीच्या झाकणावरच ठेवलं. परत फोटो.

मी ते रोप तसंच धरून घरी गेले. भांडुपच्या टेकडीवर, पायऱ्या चढून. सासूबाईंनी विचारलं, "शाल नाही दिली?"

मी म्हटलं, "संपल्या होत्या."

*

मी चौथी शिकलेली. पाचवीची शाळा नदीपलीकडे होती आणि मुलीला नदी ओलांडू देत नव्हते. लग्न करून भांडुपला आले. ही इस्त्री सासूबाईंनी एका परटाकडून घेतली होती, तो गावी निघाला होता म्हणून. त्यांनी वीस वर्षं चालवली. धुराने छाती गेली तेव्हा माझ्या हातात दिली. आमचे मालक हार्डवेअरच्या दुकानात कामाला आहेत. मुलगी नववीत.

सोसायटीत पंपाच्या खोलीशेजारी एक खोबण आहे, तिथे माझं टेबल होतं. वर गोधडी, गोधडीवर पांढरं कापड. मी तिथल्या माणसांना नंबराने ओळखते. चारशे एकला बाहीवर रेघ चालत नाही. नऊशे तीनच्या आजी नऊवारीची घडी स्वतः घालतात. सातशे दोनच्या साहेबांच्या शर्टाचं दुसरं बटण नेहमी सैल होतं, पोट वाढलंय म्हणून. सैल बटण दिसलं की मी टाका मारून देते. कुणी सांगत नाही, कुणाला कळतही नाही. दोरा माझा काळाच. शर्ट पांढरा असो की निळा, आतून काळ्या दोऱ्याची छोटी फुली. सासूबाई तसंच करायच्या.

ते मला 'इस्त्रीवाली' म्हणतात. नाव कुणाला माहीत नाही. मीही कधी सांगितलं नाही. मी बोलायला भिते. वरून कोणी ओरडलं, "माझा निळा कुर्ता?" तर मी कुर्ता वर करून दाखवते.

धुराचं म्हणाल तर धूर वाईटच. त्यांच्या खिडकीत जाण्याआधी तो माझ्या नाकात जातो. सकाळी निखारे धरेपर्यंत पुठ्ठ्याने वारा घालावा लागतो, तेव्हा डोळ्यांतून पाणी येतं. सासूबाई रात्रभर बसून असतात, आडवं पडलं की श्वास लागतो. कोळसा मला सोडायचाच होता. त्यांच्या किती आधीपासून!

चार वर्षांपूर्वी मी सेक्रेटरी साहेबांकडे गेले होते. आठ दिवस धीर गोळा करून. म्हटलं, "साहेब, एक प्लग द्या. विजेची इस्त्री घेते मी."

ते म्हणाले, "सोसायटीच्या मीटरवर धंदा चालत नाही, बाई."

"मग माझं वेगळं मीटर लावा. बिल मी भरीन."

"जागा तुझ्या नावावर आहे? नाही ना? मग मीटर कुठून देतील तुला?"

मी परत येऊन कोळसा पेटवला.

नंतर गच्चीवर सोलरच्या पाट्या आल्या. मग खाली गाड्यांच्या चार्जिंगचे पॉइंट आले. शेवटचा पॉइंट माझ्या टेबलापासून वीतभर अंतरावर, त्याच भिंतीवर. भिंतीला भोक पाडताना सगळा चुरा माझ्या इस्त्री केलेल्या कपड्यांवर पडला. सगळे झटकून मी परत इस्त्री केले. वायरमन भला होता. मी हळूच विचारलं, "दादा, इथून माझ्यासाठी एक प्लग निघेल का?"

"निघेल की ताई. दहा मिनिटांचं काम. साहेबांना फक्त हो म्हणू द्या."

साहेब बाजूलाच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, वायरमनलाच म्हणाले, "हे मेंबरांसाठी आहे. ती मेंबर आहे का?"

वायरमन माझ्याकडे बघून खांदे उडवून कामाला लागला.

त्या दिवसापासून माझ्याशेजारी एक मोठी पांढरी गाडी रोज वीज पीत उभी असायची. आवाज नाही, धूर नाही. बाजूला मी पुठ्ठ्याने वारा घालायची. गाडीवर राख उडते म्हणून मला टेबल फिरवून घ्यायला लावलं. भिंतीकडे तोंड करून.

हे सगळं मी गिळलं होतं. म्हणून स्टेजवर इस्त्री वर धर म्हटलं तेव्हा धरली. सवय लागते माणसाला.

*

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी टेबल गेटाबाहेर काढून ठेवलं होतं. मोरेकाका म्हणाले, "मला सांगितलं तसं केलं, ताई." माझ्या खोबणीत एका लाँड्रीचं काउंटर लागलं. बोर्डावर हिरवं पान काढलेलं. मोबाइलवर बटण दाबायचं, मुलगा येऊन कपडे घेऊन जातो, दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या पिशवीत आणून देतो. धूर नाही.

मी महिनाभर घरी होते. वर्षावास सुरू होता. आमच्या विहारात या तीन महिन्यांत रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. बायका पाळीपाळीने एकेक पान मोठ्याने वाचतात. माझी पाळी आली की मी म्हणते, "मला नाही जमत, पुढे द्या." कित्येक वर्षं असंच. सासूबाईंना अक्षर येत नाही, पण त्या पहिल्या ओळीत बसतात. यंदा त्या घरी येऊन म्हणाल्या, "मला येत असतं तर मी कुणाला पुढे देऊ दिलं नसतं."

मी दुसऱ्या दिवसापासून दुपारी घरात दार लोटून वाचायला लागले. बोट ठेवून. मोठ्याने. एकच पान, परत परत.

शेजारची सुमन एका गाळ्यात कामाला जायची. एके दिवशी म्हणाली, "अगं, घरी बसून काय करतेस? आमच्यात बाई कमी आहे. इस्त्रीचंच काम आहे, वाफेची. चल."

गाळा आमच्या टेकडीच्या पायथ्याशीच होता. आत वीस-बावीस बायका. वरून नळ्या आलेल्या, नळ्यांतून वाफ. पंखा नाही, कपडे उडतात म्हणून. मागच्या बाजूला बॉयलर होता. त्यात एक माणूस फळ्या टाकत होता. जुनं प्लायवूड, सनमायका, तुटलेली कपाटं. रंगासकट. धुराडं गाळ्याच्या छपरावरून वर जायचं आणि काळा धूर सरळ टेकडीवर चढायचा. आमच्या पायऱ्यांवर. अंगणवाडीवर. तो धूर मी रोज बघत होते. दोरीवरचे कपडे काळे होतात म्हणून आम्ही बायका महिनाभर कुरकुरत होतो. कुठून येतो, याचा विचार कुणी केला नव्हता.

मी पहिला गठ्ठा ओढला. वरचा शर्ट निळा होता. पसरला, कॉलर धरली, बटणपट्टी उलटी केली.

दुसऱ्या बटणाच्या मागे काळी फुली.

मी तो शर्ट धरून उभी राहिले. मग खालचा काढला. चारशे एकचा, बाहीवर रेघ पडलेला. त्याखाली इराचा फ्रॉक. चुण्या चुकीच्या बसवलेल्या होत्या.

"काय झालं गं?" सुमन म्हणाली. "भूत दिसलं का?"

मी म्हटलं, "हे माझे कपडे आहेत."

"तुझे? शर्ट घालतेस तू?" बाजूच्या बायका हसल्या.

"माझ्या सोसायटीचे. धूर बंद केला ना त्यांनी. हा बघ बंद केलेला धूर."

मी मागच्या दारातून धुराड्याकडे बोट केलं. सुमनचं हसू थांबलं. तिचा धाकटा त्याच अंगणवाडीत जातो.

माझ्या इस्त्रीत ओंजळभर कोळसा मावतो. त्यासाठी मला स्टेजवर चढवून मुलांना नाक धरायला शिकवलं. आणि हा एवढा धूर माझ्या सासूच्या छातीत पाठवला, बोर्डावर पान काढून. त्यांना धूर संपवायचा नव्हताच. त्यांना तो नजरेआड हवा होता, आणि मीही. तेव्हा मला हे कळलं. लाज वाटायची ती तिथे उतरली. एका झटक्यात नाही. पण त्या निळ्या शर्टावर वाफ मारता मारता ती उतरत गेली.

शर्टाचं बटण परत सैल झालं होतं. मी टाका मारला नाही.

*

दोन आठवड्यांनी मोरेकाकांचा फोन आला. मॅडमनी बोलावलंय, इस्त्री घेऊन.

ऑफिसात सेक्रेटरी साहेब, सातशे दोनच्या मॅडम, आणि पाहुणे म्हणून एक चष्मावाल्या बाई. सोसायटीला पर्यावरणाचं बक्षीस मिळायचं होतं. त्या बाई तपासणीला आल्या होत्या. टेबलावर लाडू, चहा. मला बस म्हणालं नाही कोणी.

मॅडम म्हणाल्या, "हे बघ, तुझी इस्त्री आपण लॉबीत ठेवणार आहोत. आत माती घालून रोप लावायचं. किती छान दिसेल! खाली तुझं नाव लिहू." मग थांबून त्यांनी विचारलं, "नाव काय गं तुझं?"

तेरा वर्षांनी.

साहेबांनी कागद पुढे केला. "आणि इथे सही कर. तू आनंदाने कोळसा सोडलास, एवढंच लिहिलंय. मग गच्चीवरच्या सोलरच्या पाट्या पुसायचं काम तुला देतो. कंत्राटदाराला सांगून ठेवलंय. रोज सकाळी दोन तास. बघ, सोलरमध्ये नोकरी!"

मला काम हवं होतं. खरं सांगते, हात पेनाकडे गेला. गाळ्यात जीव गुदमरत होता. गच्चीवर वारा असतो. सासूबाईंचं औषध, मुलीचं पुढचं वर्ष, सगळं डोळ्यांपुढे आलं. पेन उचललं.

साहेबांनी बोट ठेवून जागा दाखवली. "इथे. वाचत नको बसू, उशीर होतोय."

ते तसं म्हणाले नसते तर मी कदाचित सही करून मोकळी झाले असते.

मी पेन खाली ठेवलं. कागद उचलला. आणि विहारात वाचतात तसं मोठ्याने वाचायला लागले. बोट ठेवून. एकेक शब्द.

"मी... खाली... सही... करणार..."

"अगं, मनात वाच," मॅडम म्हणाल्या.

मी मनात वाचू शकत नाही. मोठ्यानेच वाचता येतं मला. मी थांबले नाही. जोडाक्षराला अडले, परत मागे गेले, परत वाचलं. चष्मावाल्या बाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"...इस्त्रीची जागा... स्वेच्छेने... कायमची सोडत असून... त्या जागेवर... यापुढे माझा... कोणताही हक्क... सांगणार नाही."

कागद टेबलावर ठेवला.

मी म्हटलं, "यात कोळसा कुठे आहे, साहेब?"

साहेब हसले. "अगं, ही कायद्याची भाषा असते. तुला नाही कळणार."

"वाचलं ना आत्ता. कळलं."

मॅडम म्हणाल्या, "आम्ही तुझ्या भल्यासाठी करतोय. धूर तुझ्याच तब्येतीला वाईट आहे."

आयुष्यात मी चार लोकांपुढे एका दमात एवढं बोलले नव्हते. ते बोलणं जसंच्या तसं इथे लिहून ठेवते. कारण पुढे मलाच खोटं वाटेल.

मी म्हटलं, "धूर वाईट आहे. म्हणून चार वर्षांपूर्वी मी प्लग मागितला. नंतर परत मागितला, तर तुम्ही म्हणालात मी मेंबर नाही. आता तुमचे कपडे भांडुपच्या गाळ्यात जातात. तिथे प्लायवूड जाळून वाफ करतात. मी डोळ्यांनी बघितलंय. तुमच्या साहेबांचा निळा शर्ट माझ्या हातात आला होता, मॅडम. तुमचा धूर संपला नाही. तो माझ्या दारात येतो. बक्षीस द्यायचं तर आधी तिथे येऊन बघा."

शेवटचं वाक्य मी चष्मावाल्या बाईंकडे बघून म्हटलं.

"खोटं आहे हे," साहेब म्हणाले. "त्या लाँड्रीकडे सर्टिफिकेट आहे."

"मग चला. जिना उतरून रिक्षा पकडली की पोचलो."

कोणी उठलं नाही. चष्मावाल्या बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला माहीत नाही. त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय हवंय?" तुम्हाला म्हणाल्या त्या.

मी म्हटलं, "एक प्लग. माझ्या जागेवर. वेगळ्या मीटरसकट. लेखी. गाडीला देता तसा."

"आणि नाही दिला तर?" साहेबांचा आवाज चढला होता. "पाट्या पुसायचं कामही नाही मिळणार, लक्षात ठेव. वाट लागेल तुझी."

मी इस्त्री उचलली. त्या दिवशी ती घासलेली नव्हती. काळी होती, डाग पडलेली होती.

"ही कुंडी नाही," मी म्हटलं. "आणि सही मिळणार नाही."

इस्त्री घेऊन जिना उतरले. गेटपाशी मी भिंतीला टेकून बसले. मोरेकाकांनी पाणी दिलं.

*

प्लग मिळालेला नाही. पाट्या पुसायचं काम दुसऱ्या कुणाला दिलं. बक्षिसाचं काय झालं ते मी विचारलं नाही.

गाळ्यातल्या सात बायकांनी आणि मी बॉयलरबद्दल अर्ज केलाय. अर्ज मी लिहिला. सुमनने पहिली सही केली. मुकादमाने आम्हा दोघींना कामावरून काढलं. सुमन म्हणते, "आता तरी पोराला खोकला कशाने होतो ते साहेब लोकांना सांगायला वेळ आहे मला." विहारात परवा माझी पाळी आली. मी पान पुढे दिलं नाही.

आणि रोज सकाळी मी मुलुंडला जाते. गेटाबाहेर, भिंतीला लागून, माझं टेबल लावते. गोधडी, वर पांढरं कापड, त्यावर इस्त्री. तिथून आतला चार्जिंगचा पॉइंट सरळ दिसतो. इस्त्री पेटवत नाही. कोळसा आणतच नाही. थंड इस्त्री ठेवून उभी राहते. मोरेकाका पहिल्या दिवशी म्हणाले, "ताई, मला वर सांगावं लागेल." मी म्हटलं, "सांगा काका. तुमचं काम करा."

लोक बघतात, मान वळवतात. सेक्रेटरी साहेबांची गाडी माझ्यासमोरून आवाज न करता जाते. नऊशे तीनच्या आजी एक दिवस काठी टेकत खाली आल्या. माझ्याजवळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "त्या पिशवीतल्या नऊवारीला वास येतो गं." मग वर गेल्या. त्यांनी मीटिंगमध्ये विचारलं, असं कानावर आलं. काय उत्तर मिळालं, ठाऊक नाही.

काल शाळेची बस यायच्या आधी इरा टेबलाजवळ आली. इकडेतिकडे बघून तिने इस्त्रीला बोट लावलं.

"गरम नाहीये."

"नाही."

"मग धूर कुठे गेला?"

मी तिला भांडुपच्या टेकडीकडे बोट करून दाखवलं. तिने बराच वेळ तिकडे पाहिलं. नाक धरलं नाही.

मी कोळसा परत पेटवणार नाही. पेटवला की ते जिंकतील, परत मलाच स्टेजवर चढवतील. जागाही सोडणार नाही. माझी इस्त्री चालेल ती त्यांची गाडी चालते त्याच विजेवर, त्याच भिंतीतून. तोवर ती थंड राहील, आणि मी तिच्यामागे उभी राहीन. आता तोंड भिंतीकडे नाही.

गेटाकडे.